इंदूरमध्ये घरच्या मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ पुन्हा पुन्हा का येतं?

तुम्ही लिहिलंय: टाकी १०० लिटरची, आठ महिने जुनी. दगडांवर शेवाळाचे हिरवे केस, वाळूवर लालसर साय. तीन दिवस दिवे बंद ठेवून वर चादर टाकली, तेवढ्यापुरतं गेलं, आठवड्यात परत हजर. पाणी तपासायचं किट फॉस्फेट शून्य दाखवतं. आणि शेवटी जाता जाता, ‘पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचंच वापरतो.’

मी त्या शेवटच्या वाक्यापाशीच थांबलो. मीही इंदूरचाच, आणि दीड वर्ष हाच उद्योग केलाय.

आधी घरातला कूलर बघा. जून संपेपर्यंत त्याच्या जाळीवर पांढऱ्या खपल्या धरतात. पाणी उडून जातं, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. टाकीतही अगदी हेच चालू असतं, फक्त दिसत नाही. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की माझ्या १२० लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडतं (आपल्या कोरड्या हवेत टाकी गार ठेवायला याहून स्वस्त उपाय नाही, तो सोडू नका). म्हणजे ६० दिवसांत १२० लिटर पाणी वरून ओतलं. त्या अख्ख्या टाकीभर पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आत साठत गेलं. शेवाळाला आणखी काय हवं?

आता तुम्ही म्हणाल, आरओ आहे ना. घरच्या आरओत बहुतेकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. शिवाय वर मिनरलचं कार्ट्रिज. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा टीडीएस आला ८५. मेंब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) निघाल्या निघाल्या तेच पाणी मोजलं तर १८. नर्मदेचं पाणी नसेल त्या दिवशी गच्चीवरच्या टाकीत बोअरचं चढतं, तेव्हा तर विचारूच नका. प्लंबरकडून मेंब्रेननंतर, कंट्रोलर आणि मिनरलच्या आधी एक टी (जोडनळी) काढून घ्या, त्याला उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा आणि मीटरवर शून्य येईल तेच पाणी टाकीला द्या. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. ‘आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला’ म्हणून आपण हसतो, पण इथे इंजेक्शन खरोखर पखालीलाच द्यायचंय.

किट शून्य दाखवतं कारण पाण्यात येईल ते हे केसच गट्टम करतात, किटसाठी उरणार काय? अंधार केल्यावर ते जागच्या जागी मेले, कुजले आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत दिलं. म्हणून मारू नका, उपटून बाहेर काढा. मी रविवारी पाणी बदलताना काढलेलं खारं पाणी बादलीत घेतो, त्यात एक दगड धरून जुन्या टूथब्रशने घासतो. पहिल्या दिवशी बादली पालक धुतल्यासारखी झाली होती आणि आईने ती थेट तुळशीला नेली होती, वेळेवर ओरडलो म्हणून तुळस वाचली. एका वेळी एक-दोनच दगड, आणि नळाखाली अजिबात धुवायचे नाहीत, दगडातले उपयोगी जिवाणू मरतात.

लाल साय ही वेगळी भानगड. सिरिंजने पाण्याचा फवारा मारा. पापुद्र्यासारखी सुटून आली तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचा जिवाणू. तो साठून राहिलेल्या पाण्यात फोफावतो. नळीने ओढून काढा आणि वेव्हमेकरचं (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. काही लोक यावर अँटिबायोटिक टाकतात. मी टाकणार नाही.

दुकानात मिळणाऱ्या ‘शेवाळनाशक’ बाटल्यांपासूनही दूर राहा. मी एका दुकानदाराच्या शब्दावर एक ओतली होती. त्यात तांबं होतं, सकाळपर्यंत चार गोगलगायी उलट्या पडलेल्या. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ, कुणालाच तांबं सोसत नाही.

टर्बो गोगलगायी आणा, पण केस घासून आखूड झाल्यावर. लांब केसांना त्या फारसं तोंड लावत नाहीत. गोठवलेलं खाद्य चहाच्या गाळणीत वितळवून वरचं पाणी फेकून द्या. दिवे आठ तासांच्या वर नकोत. आणि नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणायच्या मागे लागू नका, तिथे डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्म जीव येतात, ते या केसांपेक्षा वाईट. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलं तर मी हात लावत नाही.

माझ्याकडे डीआयचं पाणी सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे काही फरक दिसला नाही. दगडातलं जुनं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. अडीच महिन्यांनी केस जाऊन दगड पुन्हा पहिल्यासारखे जांभळे दिसू लागले. पंपाच्या वायरवर थोडे केस अजून आहेत. ते राहू दिलेत, गोगलगायींनी खायचं काय?