१/७२ स्केलचा (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) रणगाडा आणि देखावा पहिल्यांदाच करतोय. चिखलाची जमीन खरी कशी दिसेल?

तुम्ही लिहिलंय की पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्याचं जोडायचं किट घेऊन ठेवलंय, सप्टेंबर १९६५ मधल्या असल उत्तरच्या लढाईतला देखावा करायचाय, पण रणगाडा जमिनीवर ठेवलेल्या खेळण्यासारखा दिसेल अशी धास्ती आहे. धास्ती रास्त आहे. माझा पहिला तसाच दिसायचा. घरी आलेले पाहुणे तो मुलाचा समजून मुलाचंच कौतुक करून जायचे.

सगळी गोम वजनात आहे. खरा पॅटन साधारण ४५ टनांचा, तुमचा फार तर एका लिंबाएवढा. प्लॅस्टिक कितीही छान रंगवा, ते वजन जमिनीनेच दाखवायला हवं. त्यात तुम्ही लढाई निवडलीये ती चिखलाचीच: खेमकरणजवळच्या शेतांत पाणी सोडलेलं, आपले रणगाडे उसाच्या आडोशाने घोड्याच्या नालेसारखे मांडलेले, आणि पॅटन त्यात येऊन रुतलेले. म्हणून आधी जमीन करा, रणगाडा रंगवायचं नंतर.

पाया एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा) घ्या, पुठ्ठा नको. ओल लागली की वाकतो. एमडीएफलाही आधी फेव्हिकॉलचा पातळ हात द्या. वर भिंतीची पुट्टी, त्यात थोडा फेव्हिकॉल आणि तपकिरी पोस्टर कलर. रंग आतच कालवायचा, नाहीतर उद्या टवका उडाला की खालून पांढरं डोकावतं. प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा पुट्टी मला बरी वाटते, कारण ती सावकाश सुकते आणि चुकायला वेळ मिळतो.

सात-आठ मिमी थर द्या. मग चाकं आणि ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) लावलेला, पण अजून न रंगवलेला रणगाडा घ्या, ट्रॅकला पाणी लावा आणि पुट्टीत दाबून तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे सरकवा. दोन्ही बाजूंना चिखल उसळून वर येईल, त्याला हात लावू नका, तोच पाहिजे. पॅटनच्या पोटाखाली या स्केलला जेमतेम ५-६ मिमी जागा असते. म्हणजे ट्रॅक ५ मिमी आत गेले की पोट जवळजवळ टेकलंच. रणगाडा थोडा एका अंगाला कलू द्या. मग अलगद उचला, जुन्या टूथब्रशने धुवा आणि रंगवायला बाजूला ठेवा. तो नंतर त्याच खाचांत बरोब्बर बसतो.

किटमधले ट्रॅक मऊ रबरी असतील तर प्लॅस्टिक जोडायचा सिमेंट (किटचा गोंद) त्यांना बहुधा धरत नाही. फेव्हिक्विकचा थेंब टाचणीने लावा. वरच्या बाजूला ट्रॅक ताणलेला राहिला तर तो थेट खेळण्यातला दिसतो. छोट्या रोलरांच्या मधे तो किंचित खाली चिकटवा.

आता प्रमाण. दिवाळीच्या किल्ल्यावर आपला मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि तिथे ते शोभतं. इथे नाही. अंगणातला १ सेंटिमीटरचा खडा या जमिनीवर पाऊण मीटरचा धोंडा होतो. वापरलेली चहापत्ती नांगरटीच्या ढेकळांना अगदी मापात बसते, फक्त तव्यावर खडखडीत भाजून घ्या. मी नुसती उन्हात वाळवली होती. श्रावणात सगळ्या रणभूमीवर पांढरी बुरशी आली.

उसावर मात्र वेळ घालवा. तीन मीटरचा ऊस म्हणजे ४ सेंटिमीटर, पॅटनच्या जवळपास डोक्याएवढा. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी, त्यामुळे खराट्याचे हीर चालत नाहीत, बांबू वाटतात. फूलझाडूच्या शेंड्याकडच्या बारीक काड्या घ्या. पानांसाठी खाकी कागदाच्या दोन सेंटिमीटर लांब, अर्धा-पाऊण मिमी रुंद पट्ट्या, ब्लेडने. एका काडीला पाच-सहा पुरतात. सगळं हिरवंगार रंगवू नका: शेंड्याला हिरवं, बुडाशी वाळलेलं पाचट. ऊस सरीतच लावा, आणि रणगाड्यामागे मोडलेला, चिखलात दाबला गेलेला ऊस पसरा. तो कुठून आला हे तेवढ्याने कळतं. तळहाताएवढ्या तुकड्याला माझ्या दोन रविवारच्या दुपारी गेल्या आणि घरच्यांची बोलणी वेगळी.

पाण्यासाठी पारदर्शक रेझिन, दोन मिमीच्या थरांत, तपकिरी रंगाचा टिपका टाकून. शेतातलं पाणी गढूळच असतं. बिसलेरीसारखं चकचकीत झालं तर फसलं समजा.

रणगाड्याचा रंग फिका ऑलिव्ह ठेवा. बाटलीतला गडद रंग एवढ्याशा रणगाड्यावर काळा दिसतो. जमलं तर नगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय बघून या. युद्धात हाती लागलेला पॅटन तिथे जवळून बघता येतो. त्याचा हल्लीचा रंग मात्र प्रमाण मानू नका. बघायचं ते रंग कुठे झिजलाय: चाकांभोवती, पत्र्याच्या कडांना आणि वर चढताना पाय पडतात त्या जागी. आणि किटच्या डब्यावर तोफ बघा: १९६५ चा पॅटन ९० मिमीचा, काही किटमध्ये नंतरची १०५ मिमीची असते.

शेवटचा मॅट वार्निश पावसाळ्यात फवारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरी साय धरते. धरलीच तर कोरड्या दिवशी आधी ग्लॉस मारून बघा, बहुतेकदा निघते.

माणसं पहिल्या खेपेला टाळा. १/७२ चे चेहरे रंगवणं हा वेगळाच छळ आहे. त्या लढाईत कित्येक पॅटन त्यांच्या सैनिकांनी तसेच सोडून दिले होते. टरेटवरचं (तोफेच्या फिरत्या घुमटावरचं) झाकण उघडं चिकटवा, आतून काळा रंग मारा आणि मागच्या चिखलात शेताबाहेर जाणारी बुटांच्या ठशांची एक रांग टाचणीच्या डोक्याने उमटवा.