बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात लग्नाआधी मलिदा का करतात? तो नवस आहे की प्रार्थना?

मलिदा ही मुळात आभाराची प्रार्थना आहे. लग्न, गृहप्रवेश अशा शुभप्रसंगाआधी ती करतात आणि नवस पूर्ण झाला तरीही करतात, म्हणून तुमचे दोन्ही अंदाज थोडेथोडे बरोबर आहेत. ताटात भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि वर फळं असतात. आधी एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गीत सगळे मिळून म्हणतात. मग आशीर्वाद, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी वचनं, म्हणतात: झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून उगवलेल्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा. आशीर्वाद म्हटल्यावर पहिला घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं, कारण मनाची तयारी नेमकी तिथे होते. ही शिस्त ज्यू धर्मात फार जुनी आहे: मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या ‘बराखोत’ भागात म्हटलंय की पूर्वीचे भाविक प्रार्थनेआधी तासभर थांबत, देवाकडे मन लागावं म्हणून. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्ये तर दिवसाला 100 आशीर्वाद म्हणावेत असं सांगितलंय.

फक्त एक लक्षात घ्या. खाण्याआधीचे आशीर्वाद जगभरच्या ज्यूंचे आहेत, पण मलिदा कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचाच. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हन्नाबी प्रकट झाले, अशी त्यांची श्रद्धा आहे. बगदादी (इराककडून भारतात आलेल्या) किंवा कोचीच्या ज्यू घरात मलिद्याबद्दल विचारलंत, तर तो त्यांच्या रिवाजात नसेल.