बेल कर्व्हमुळे टीममधली मदत खरंच आटते का?

हो, आटते, भांडणं होऊन नाही, गुपचूप. बेल कर्व्ह म्हणजे वार्षिक रेटिंगमध्ये किती जण वर, किती मध्ये आणि किती तळाला, याचं प्रमाण आधीच ठरवून टाकायचं. दहा जणांत एकाला तळाचं रेटिंग द्यायचंच हे आधीच ठरलेलं असेल, तर शेजारच्याचा अडलेला कोड सोडवून देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकन कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी २०-७०-१० ची विभागणी रूढ केली: वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०. तळाच्या १० टक्क्यांना बाहेरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टमध्ये तर चांगले इंजिनिअर दुसऱ्या चांगल्या इंजिनिअरांच्या टीममध्ये जायचं टाळू लागले, कारण तिथे आपणच खाली ढकलले जाऊ ही भीती. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. रेटिंगच्या बैठकांना मी स्वतः बसलोय. तळाचा नंबर बरेचदा नुकत्याच आलेल्याच्या, नाहीतर बाळंतपणाच्या रजेवरून परतलेलीच्या गळ्यात पडतो. "तसंही तिचं यंदा प्रमोशन नाहीच ना," एवढ्या एका वाक्यात विषय संपतो! (कामाबद्दल चकार शब्द नाही.) एक मात्र खरं, सेल्ससारख्या कामात, जिथे प्रत्येकाचा आकडा वेगळा दिसतो, तिथे हा त्रास बराच कमी असतो. पण तिथेही एरिया सोपा कोणाला मिळाला, हे आधी बघा.