घर पाहताक्षणी आवडलं, तर मनाचं ऐकावं का?

घोडबंदर रोडवरचा फ्लॅट बघताच 'हेच आपलं घर' असं तुम्हाला वाटलं आणि मिस्टर म्हणतात, जरा थांब. कोणाचं ऐकू, असं विचारलंयत. मी म्हणेन, निदान आठवडाभर मिस्टरांचं ऐका.

मी बावीस वर्षं वाशीच्या फळबाजारात हापूस विकतोय. पेटी उघडली की नुसत्या वासावरून फळ किती दिवसांत खायला येईल ते सांगतो, आणि बहुतेकदा तसंच होतं. त्याला विचार करावा लागत नाही. पण त्यामागे हजारो पेट्या आहेत, आणि अंदाज चुकला की चार दिवसांत गिऱ्हाईक गाळ्यावर येऊन सांगतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना अशा झटपट अंदाजांचा संशय होता. दुसरे मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आगीत शिरणारे बंबवाले अभ्यासले, त्यांना त्याचा भरवसा. दोघांनी २००९ साली मिळून लिहिलं तेव्हा एकमत झालं ते यावर: कामात काही नियमितपणा असेल आणि चूक-बरोबर कळत सराव झाला असेल, तरच आतला आवाज धरावा. नुसती खात्री वाटणं हा पुरावा नव्हे. फळातला साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, तर कापल्याशिवाय मलाही कळत नाही.

घर आपण आयुष्यात एकदा-दोनदा घेतो. सराव कुठून होणार? माझ्या वेळी बिल्डरच्या माणसाने 'मूळ भाव ऐंशी लाख, तुम्हाला बहात्तर' म्हटलं आणि माझं सगळं बोलणं त्या ऐंशीभोवतीच फिरलं. शेजारच्या इमारतीत फ्लॅट काय भावाने गेले, हे विचारायचं सुचलंच नाही. पुढे तीन उन्हाळे टँकरचं पाणी.

म्हणजे मन गप्प करा असं नाही. कानेमान एकविशीत इस्रायलच्या सैन्यात होते. जवानांच्या मुलाखती घेणाऱ्यांना त्यांनी सहा स्वभावगुणांचे वेगवेगळे आकडे आधी लिहायला लावले, आणि मग डोळे मिटून तो जवान कसा निघेल याचा एकूण अंदाज द्यायला सांगितलं. तो शेवटचा अंदाजही त्या सहांच्या बेरजेइतकाच खरा निघाला.

तुम्हीही तसंच करा. पाणी, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा), महारेरावर (बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाच्या वेबसाइटवर) दिलेली ताब्याची तारीख, स्टेशनपर्यंतचा वेळ, हप्ता: प्रत्येकाला पाचपैकी गुण, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एकदा तिथे जाऊन या, वॉचमनला टँकरबद्दल विचारा. त्यानंतर डोळे मिटून घर आठवा, आणि तेव्हा मन काय म्हणतं ते मिस्टरांना सांगा.