लेथला क्विक चेंज टूल पोस्ट

प्रश्न : साडेचार फुटी जुन्या लेथवर चौकोनी टूल पोस्ट (कापायचं टूल धरणारा ठोकळा) आहे. प्रत्येक टूलखाली पत्र्याचं पॅकिंग कापून वैताग आला. क्विक चेंज पोस्ट (ज्यावर टूल होल्डरसकट चटकन बदलता येतं आणि उंची पॅकिंगशिवाय जुळवता येते) बसेल का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बसेल, पण दुकानात जाण्याआधी एक माप घ्या. टेलस्टॉकमध्ये (लेथच्या उजव्या टोकाच्या आधारात) डेड सेंटर (न फिरणारी टोकदार दांडी) लावा आणि त्याच्या टोकापासून टॉप स्लाइडच्या (पोस्ट जिच्यावर बसतो तिच्या) वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा. समजा ती २४ मिमी भरली. होल्डरचा तळ १० मिमी जाड असेल, तर १६ मिमीचं टूल २६ वर जाईल, म्हणजे सेंटरच्या वर, आणि टूलचं टोक तर सेंटरच्याच उंचीला हवं. तिथे १२ मिमीचंच टूल चालेल. होल्डर वर सरकवता येतो, तळाखाली नाही. दुकानदार हे सांगत नाहीत, ते फक्त ‘सगळ्याला बसतं’ म्हणतात.

नव्या पोस्टचं भोक तुमच्या स्टडपेक्षा (पोस्ट ज्यावर आवळतो त्या बोल्टपेक्षा) मोठं असेल, तर मधे बुश (पोकळ नळी) घाला. तो बुश जुना पोस्ट काढण्याआधीच टर्न करून ठेवा, नाहीतर शेजाऱ्याच्या लेथवर जावं लागेल! स्लाइडवर जुन्या पोस्टची स्प्रिंगवाली इंडेक्स पिन (पोस्ट ठरावीक कोनात अडवणारी) असेल, तर तीही काढा. ती राहिली तर पोस्ट सपाट बसत नाही, आणि पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल थरथरतं.

पोस्टची बाजू चकच्या (जॉब पकडणाऱ्या भागाच्या) तोंडाला टेकवून मगच नट आवळा. पैसे पुरत असतील तर पिस्टनऐवजी (होल्डर दट्ट्याने दाबणाऱ्याऐवजी) वेज (पाचरीने आवळणारा) प्रकार घ्या, त्याची पकड जास्त घट्ट असते. जुना पोस्ट मात्र भंगारात देऊ नका. ओबडधोबड कास्टिंगवरच्या जड कटसाठी मी अजून तोच लावतो.