छोटा प्रॉडक्ट डिझाइन स्टुडिओ नेमकं काय काम करतो? एखादं खरं उदाहरण आहे का?

माझ्या मते यासाठी इम्स ऑफिस या अमेरिकन डिझाइन स्टुडिओसारखं दुसरं उदाहरण नाही. चार्ल्स आणि रे इम्स हे जोडपं १९४१ मध्ये लॉस एंजेलिसला आलं आणि राहत्या घरातच त्यांनी प्लायवूड वाकवायचं यंत्र बनवलं. प्लास्टरचा साचा, त्यात तापणाऱ्या तारा, वर गोंद लावलेले लाकडाचे पातळ थर, आणि दाब द्यायला सायकलचा पंप! त्यातून आधी खुर्ची नाही, तर जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या फळ्या तयार झाल्या. अमेरिकन नौदलाने त्या हजारोंनी घेतल्या. प्लायवूडच्या खुर्च्या त्यानंतर आल्या, १९५० मध्ये फायबरग्लासच्या.

स्टुडिओचं खरं काम हेच: नमुना करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. चित्र काढणं हा त्यातला लहानसा भाग.

आणि आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे लोटा. १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं मनापासून कौतुक केलं: तो कमरेवर कसा बसतो, रिकामा नि भरलेला असताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो. त्याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.