हिरो बॅकग्राउंडमध्येच गायब होतोय!

प्रश्न: हौस म्हणून अ‍ॅडव्हेंचर गेम बनवतोय, पंचगंगा घाटाचा सीन ३२० बाय २०० पिक्सेलमध्ये काढलाय, दीपमाळा पायऱ्या सगळं झ्याक झालंय पण हिरो उभा केला की दिसतच नाही, काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: भावा, दगड काळा आणि हिरोचे कपडेपण काळपट असणार, मग दिसणार कसा! आधी सगळं ब्लॅक अँड व्हाइट करून बघ, दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर नुसता रंग बदलून उपयोग नाही, उजेड-अंधार बदलायला लागतोय. मागचा दगड फिका, निळसर कर, हिरो चालतो ती पट्टी मोकळी सोड, बारीक नक्षी कडेला जाऊ दे (नक्षीचा मोह सगळ्यांनाच असतो). पुढची दीपमाळ वेगळ्या लेयरवर (म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर) घे, नाहीतर हिरो तिच्या मागून जाणार कसा? क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात होतंय सगळं.